डिस्क पूजेत हाय!

मला राग येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. मला राग येत नाही, लोक तो आणतात. त्यात घरची माणसं सगळ्यात पुढे असतात, आणि गेल्या नवरात्रात तर आमच्या घरच्या कंप्युटरनंही त्यांच्यात नाव घातलं.

चिखलीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळाली की तो ती माझ्याकडे टाकतो. मी तिचं पोट फाडतो, जळकी तार उपसतो, नवी भरतो आणि सांगतो, "ने. आता पाच वर्षं माह्याकडं पाहू नको." तेवीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे ज्याला वायर आहे ते मला दुरुस्त करता येतं, असा माझा समज आहे. (हा समज मिक्सर, इस्त्री आणि माहेरून आलेला टेपरेकॉर्डर यांच्या मुळावर उठला, असं माझी बायको शोभा म्हणते. तो टेप जुनाच होता. मी फक्त त्याला जास्त दिवस तरसवलं नाही.)

आमची वैशू एकुलती एक. इंजिनिअर झाली आणि वर्षभर घरी बसून नोकरीच्या परीक्षा देत होती. तीन ठिकाणी थोडक्यात हुकली. चौथी परीक्षा पुण्याच्या एका कंपनीची, घरी बसून कंप्युटरवर द्यायची, आणि ती नेमकी खंडेनवमीला सकाळी अकरा वाजता! (पुण्याच्या लोकांना पंचांग पाहायला काय होतं?) वैशूनं मला चार वेळा बजावलं होतं.

"बाबा, ही मोबाइलवर चालत नाही. आदल्या दिवशी ज्या कंप्युटरची तपासणी होते, त्याच्यावरच द्यायची. अकरा दहाले दार बंद. मंग कोनाले सांगून उपयोग नाही."

"काही होत नाही. मी हाय ना!"

"तेच त् म्हनून राह्यली मी." मग ती म्हणाली, "यावेळेस हुकली त् मी परत नाही बसत, बाबा. थकली मी." हे ती हळूच म्हणाली. मला ते अजिबात आवडलं नाही. माझ्या पोरीनं असं बोलावं म्हणजे काय! त्याच मिनिटाला मी ठरवलं की या परीक्षेला आपल्या बाजूनं काही कमी पडू द्यायचं नाही. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

आमचा कंप्युटर म्हणजे कासव. चालू करून चहा प्यावा, कप विसळावा, तरी तो आपला गोल गोल फिरवतोय. म्हणून शोभाचा भाऊ मनोज, जो बुलढाण्याला एका कॉलेजच्या कंप्युटर लॅबमध्ये आहे, त्यानं बसवाल्याच्या हाती एक नवा ड्राइव्ह पाठवला. पत्त्यांच्या जोडाएवढा, कंप्युटरच्या पोटात बसवायचा. आणि फोनवर म्हणाला, "भाऊजी, विंडोज या नव्या ड्राइव्हवर टाकली का कंप्युटर पळते. मी रविवारी येतो आन टाकून देतो. तुम्ही हात लावू नका."

हात लावू नका! मला! तेवीस वर्षं मोटारी भरतोय मी, आणि हा कालचा पोरगा मला सांगतो हात लावू नका!

मी त्याच दिवशी हात लावला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस सुरुवातीला आधीचा ड्राइव्ह काढून ठेवा, काढून ठेवा असं बराच वेळ बडबडत होता. ते मी पुढे सरकवलं. आतल्या जुन्या डिस्कला न हलवता शेजारी नवा ड्राइव्ह जोडला, त्याच्यावर विंडोज टाकली आणि दीड तासात कंप्युटर असा पळायला लागला की शोभासुद्धा स्वयंपाकघरातून पाहायला आली. जुन्या डिस्कवर आता फक्त लग्नाचे फोटो आणि आईची भजनं उरली. मी मनोजला फोन लावला.

"टाकली विंडोज! आता नवा ड्राइव्ह एकदम स्वतंत्र. जुन्याशी काही घेनंदेनं नाही त्याचं!"

"भाऊजी, जुनी डिस्क काढून चालू करून पाह्यला का?"

"काऊन काढू? चालून राह्यला ना?"

"नाही, पन एकदा..."

मी फोन ठेवला. (राग आला नव्हता. रेंज गेली होती.)

आता खंडेनवमी. आमच्या घरी या दिवशी हत्यारांची पूजा होते, वडिलांपासूनची रीत आहे. आदल्या संध्याकाळी दुकानातली सगळी हत्यारं घरी येतात. पकडी, पाने, झाडून सगळे पेचकस, टेस्टर, मीटर, तार गुंडाळायचं यंत्र. त्यात शेतातला कोयता, शोभाची कात्री आणि वैशूची पुस्तकं. मधल्या खोलीत देवापुढे माझी आई मोठा पाट टाकते, त्यावर हे सगळं मांडते, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. एकदा आरती झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत पाटावरची वस्तू उचलायची नाही, जागची हलवायची नाही. आमच्या घरात बाकी कोणताही नियम मोडता येतो. हा येत नाही, कारण आई त्या पाटाजवळच बसून असते.

सकाळी साडेआठला आई म्हणाली, "गजू, पोरीचा कंप्युटर ठेव पाटावर."

"आई, तिची परीक्षा हाय अकराले!"

"म्हनूनच त् ठेवा लागते. ज्याच्यावर पोट भरनार, त्याले हळद-कुंकू नको?"

"परीक्षा कशी देईन मंग ते? पाटावर बसून?"

"ते मले काय मालूम? पन तुही पक्कड पूजेत आन पोरीचं यंत्र उघडं, हे चालत नाही या घरात."

तर मला युक्ती सुचली. मला युक्त्या सुचतात, हा माझा स्वभाव आहे. मी म्हटलं, "आई, पूजेत सुपारीले गनपती मानते ना तू? मंग कंप्युटर म्हनून ही जुनी डिस्क ठेव. कंप्युटरच्या पोटातलीच हाय. आता तिचं काही काम नाही, तुही पूजा होते, पोरीची परीक्षा होते!"

आईला पटलं. आईला माझं काही पटलं, असं त्या वर्षातलं ते पहिलंच. त्या आनंदात मी कंप्युटरचा डबा उघडला आणि जुन्या डिस्कची वायर ओढली. निघेना. पकडीनं धरून हिसडा दिला. कट्‌ असा आवाज झाला आणि प्लॅस्टिकचा एक बारीक तुकडा उडाला. बिनकामाच्या वस्तूचा तुकडा, म्हणून मी तो पायानं बाजूला सारला. डबा बंद केला, स्क्रू मोटारीचे नट आवळतो तसे आवळले, पेचकस आणि पक्कड आईच्या हवाली केली. आईनं डिस्कला हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. साडेनऊला आरती झाली. मी अगदी मन लावून टाळ्या वाजवल्या.

दहा पंचवीसला वैशूनं कंप्युटर चालू केला.

काळा पडदा. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. चालू करण्याजोगा ड्राइव्ह सापडत नाही, ड्राइव्ह लावा आणि कोणतंही बटण दाबा.

"बाबा!"

मी कोणतंही बटण दाबलं. मग सगळी दाबली. मग बंद करून चालू केला. तीच अक्षरं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तीच! डब्यावर एक थाप मारली. (मोटारीला लागू पडते.) काही नाही!

"शोभा! मिक्सर लावला का तू?"

"पुरन शिजून राह्यलं, मिक्सर काऊन लावू? तुमच्या हाताले लागलं का सगळं असंच होते. मिक्सर स्वतंत्र, भांडं स्वतंत्र, आता कंप्युटर स्वतंत्र!"

"तू मधात बोलू नको!"

"तुम्हीच आवाज देल्ला ना!"

वैशू पलंगाच्या काठावर बसली आणि घड्याळाकडे पाहत राहिली. ती रडली असती तर मी ओरडू शकलो असतो. ओरडली असती तर दुप्पट ओरडलो असतो. गप्प बसली. मला माझाच इतका राग आला की तो कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून मी मनोजला फोन लावला.

"काय भाऊजी! आज काय पूजा-बिजा..."

"पूजा गेली खड्ड्यात! कसला ड्राइव्ह पाठवला बे? चार दिवसांत मेला!"

"मेला? स्क्रीनवर काय दिसून राह्यलं?"

मी वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. विंडोज टाकली तवा जुनी डिस्क आतच होती का?"

"आतच होती. मंग काय बाहेर खुर्ची टाकून बसवू तिले?"

"आन आता?"

"आता नाही."

"हां! मंग ड्राइव्ह चांगला हाय. जुनी डिस्क आत असली का विंडोज आपली चाबी जुनीवरच ठेवते. सामान नव्या घरात, चाबी जुन्या घरात. म्हनून त् म्हनलं होतं काढून पाहा. जाऊ द्या, जुनी डिस्क लावा, चालू होते."

मी दारातून पाटाकडे पाहिलं.

"भाऊजी?"

"डिस्क पूजेत हाय."

"कशात?"

"पूजेत! पूजेत! हळद-कुंकू लावून पाटावर बसली हाय!"

पलीकडून आवाज आला, तो तोंडावर हात धरून हसल्याचा होता. मी फोन गादीवर फेकला. माझ्या पोरीची नोकरी चाललीय आणि साल्याला हसू सुचतंय! (साला नात्यानं. आणि दुसऱ्याही अर्थानं.)

मधल्या खोलीत आलो. आई माळ ओढत पाटाजवळ बसलेली. मी डिस्ककडे हात नेला.

"गजू! हात मांगं!"

"आई, त्या डिस्कीशिवाय कंप्युटर चालू होत नाही!"

"सकाळी त् म्हने तिचं काही काम नाही."

"चुकलं माह्यं! आता दे!"

"सोनं वाटल्याशिवाय पाटावरचं उचलत नाही. तुह्या बापानं एका सालाले पाना उचलला, त् संध्याकाळी मोटार पडली त्यायच्या पायावर."

"दोर सडका होता, म्हनून पडली!"

"मंग त्याच दिवशी काऊन तुटला?"

मी ओरडलो. मी म्हटलं, मी देव मानत नाही. मी म्हटलं, मी उद्यापासून या घरात पूजाच बंद करतो. मी म्हटलं, मीच घर सोडून चाललो. शोभा लाटणं घेऊन आली आणि म्हणाली, "जा, पन आधी कंप्युटर चालू करून जा." त्या घरात माझ्या बाजूनं एक माणूस नव्हतं.

वैशू दारात येऊन उभी राहिली. "आजी, दहा चाळीस झाले." एवढंच म्हणाली.

आईची माळ थांबली. तिनं नातीकडे पाहिलं, मग पाटाकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहताना तिचा चेहरा बदलला, तो चांगल्यासाठी नव्हता.

"गजू, पाटावरचं उचलू नको म्हनलं मी. त्या कंप्युटरले उचलू नको असं कोनी म्हनलं का? घेऊन ये त्याले इथं. लाव इथंच जे लावाचं ते."

मला हे सुचलं नव्हतं. पंचाहत्तर वर्षांच्या, कंप्युटरला आजवर बोटही न लावलेल्या बाईला सुचलं, आणि मला नाही! याचा राग मला अजून आहे.

मग धावपळ. कंप्युटरचा डबा आणून पाटाशेजारी आडवा केला. स्क्रीन ज्वारीच्या कोठीवर. डबा उघडायला पेचकस पाहिजे. पेचकस पूजेत! घरातला एकूण एक पेचकस पाटावर फुलं लेवून बसलेला! शोभाची सुरी घेतली, ती वाकली. शोभा जे बोलली ते इथं लिहीत नाही. शेवटी रुपयाच्या नाण्यानं स्क्रू फिरवले. सकाळी मी इतके आवळले होते की अंगठ्याची साल निघाली. विजेचा लांब बोर्ड पाहिजे, तोही पाटावर! तो मात्र जागेवरच झेंडूखाली वापरला. आईनं हो म्हटलं.

दोन्ही वायरी डब्यातून बाहेर काढून पाटावरच्या डिस्कला लावल्या. एक बसली. दुसरी पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. सकाळचा तो प्लॅस्टिकचा तुकडा म्हणजे वायर धरून ठेवणारी कडी होती! मी बोटानं दाबून धरली आणि ओरडलो, "लाव बटन!" पडदा उजळतोय असं दिसलं म्हणून आनंदानं हात सोडला. लगेच काळा. तीच पांढरी अक्षरं.

"बाबा, हात सोडू नका!"

पुन्हा दाबून धरली. यावेळी श्वाससुद्धा धरला. विंडोज आली. वैशूचा फोटो आला. परीक्षेचं पान आलं. अकरा वाजून पाच मिनिटं. वैशूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच दुसऱ्या कारणानं तिचा चेहरा पडला.

"बाबा, खोलीत दुसरं कोनी नाही पायजे. कॅमेऱ्यातून बाई पाहते."

"मी हात सोडला का कंप्युटर बंद पडते!"

"पन कोनी नाही पायजे!"

"मी कोनी नाही! मी वायर हाय!"

खोलीत नवरात्राआधी धुतलेल्या गोधड्यांची रास होती. मी पाटाशेजारी आडवा झालो आणि शोभानं, आईनं सगळ्या गोधड्या माझ्यावर टाकल्या. शोभानं दोन जास्तच टाकल्या, असं माझं मत आहे. ऑक्टोबरचं ऊन, वर पाच गोधड्या, शेजारी तेवत असलेला नवरात्राचा दिवा, आणि बोट वायरीवर. अकरा आठला वैशू आत शिरली. म्हणजे परीक्षेत. मी गोधडीत आधीच शिरलेलो.

स्पीकरमधून एका मुलीचा गोड पुणेरी आवाज आला. "खोली दाखवाल का प्लीज?" वैशूनं कॅमेरा फिरवला. "अरे, तुमच्या मागे कोयता आहे का?"

"हो मॅडम. आज खंडेनवमी आहे ना. पूजा आहे."

"ओके. आणि ती पुस्तकं? परीक्षेच्या खोलीत पुस्तक चालत नाही."

"पूजेत आहेत, मॅडम. उचलता येत नाहीत."

"म्हणजे काय, उचलता येत नाहीत?"

हे मी गोधडीखाली ऐकत होतो. तोंड बंद ठेवून! माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी बसलो नव्हतो. शेवटी वैशूनं नैवेद्याचं केळीचं पान पुस्तकांवर पसरलं आणि बाईचं समाधान झालं. परीक्षा सुरू झाली.

पंधरा-वीस मिनिटं बरी गेली. मग दिव्यातलं तेल कमी झालं. नवरात्राचा दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून आई तेलाची बुधली घेऊन सरळ आत आली.

"मागे कोण आलंय?" स्पीकर ओरडला.

आई स्क्रीनपुढे वाकली. "मी वं बाई. तेल घालून चालली. तू जेवली का?"

"...नाही अजून, आजी."

"मंग जेवून घे. उपाशी कामं करू नये."

"हो आजी. पण प्लीज बाहेर जा. वैष्णवी, ही पहिली सूचना. आता कोणी दिसलं तर मला परीक्षा रद्द करावी लागेल."

आई गेली. पण जाताना तिनं देवापुढे धूप लावला. मूठभर! तो सगळा धूर वर न जाता माझ्याकडे आला. मी नाक दाबलं. एका हातानं नाक, एका हातानं वायर. मी मनात सगळे देव आठवले, ज्यांना मी तासाभरापूर्वी मानत नव्हतो. काही उपयोग झाला नाही. मी शिंकलो. मी दुकानात शिंकलो तर समोरच्या हॉटेलातला माणूस वर पाहतो. गोधड्यांची अख्खी रास उडाली.

"कोण आहे तिथे?"

आणि वैशू बोलली. माझी गरीब, हळू बोलणारी पोरगी! एका दमात!

"मॅडम, ते माझे बाबा आहेत. त्यांनी नव्या ड्राइव्हवर विंडोज टाकली, जुनी डिस्क काढली नाही. मामा सांगत होते तरी काढली नाही. मग आज सकाळी काढली, कडी तोडली आणि पूजेत ठेवली. आता त्यांनी वायर सोडली तर कंप्युटर बंद पडतो, म्हणून ते गोधडीत आहेत. मी चोरी करत नाहीये. तीन वेळा हुकले मी, तरी कधी चोरी केली नाही. तुम्हाला रद्द करायची तर करा. माझी चूक एवढीच की मी त्यांच्या घरी जन्माला आले!"

माझा स्वभाव पोरीत उतरला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पलीकडची मुलगी म्हणाली, "वैष्णवी, खोलीत फक्त परीक्षार्थी पाहिजे, हे मला बदलता येत नाही. वडिलांना बाहेर जायला सांगा. ते गेल्यावर तुमची परीक्षा चालू राहिली, तर मी फक्त घरची अडचण अशी नोंद करते. बंद पडली तर माझ्या हातात काही नाही."

वैशूनं माझ्याकडे पाहिलं. मी गोधडीतून अर्धा बाहेर, घामानं निथळत, डोळ्यांत धूर, बोट वायरीवर. तेव्हा मला राग आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. भीती वाटली. पोरीचं वर्ष माझ्या त्या एका बोटाखाली होतं. तिनं मान हलवली. मी डोळे मिटले आणि बोट उचललं.

वायर टक्‌कन पाटावर पडली.

काहीच झालं नाही. वैशूचा प्रश्न तसाच होता. त्याखाली पडद्यावरचं घड्याळ चालू होतं. तिनं उत्तरावर क्लिक केलं, पुढचा प्रश्न आला. मी रांगत रांगत बाहेर गेलो आणि दार लावून घेतलं.

बाहेर शोभा आणि आई उभ्या. "बंद पडला?" शोभानं विचारलं.

"मी इतका वेळ धरून ठेवली ना! कपॅसिटरमधी वीज साठते तसं भरून गेलं असंल त्याच्यात. आता तेवढ्यावर चालते." मला तेवीस वर्षांचा अनुभव आहे. वैशूनं परीक्षा पूर्ण केली, साडेबाराला बाहेर आली आणि आजीच्या गळ्यात पडली. माझ्याही पडली असती, पण माझ्या अंगाला फार घाम होता, असं ती म्हणाली.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, पाट उचलला, मी डिस्क आत लावून वायर पट्टीनं गच्च गुंडाळली. पुढचे आठ दिवस चिखलीत मी दुसरं काही बोललो नाही. दुकानात मोटार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी सांगत होतो की बापानं बोट लावलं नसतं तर पोरीची परीक्षा गेली होती. काही जणांना साल निघालेला अंगठाही दाखवला. आणि नवव्या दिवशी मेल आला. वैशूची निवड झाली!

घर भरून गेलं. शेजारी आले, दुकानाजवळचे आले, हॉटेलवाला पेढे घेऊन आला. मला रडू आलं, ते मी रागानं पुसलं. तेवढ्यात मनोजचा फोन. मी सगळ्यांना हातानं गप्प केलं.

"अभिनंदन भाऊजी! काय पोरगी हाय आपली!"

"आन बाप? बाप कसा हाय? पाऊन तास वायर धरून बसला गोधडीत!"

"कोनती वायर?"

मी सगळं सांगितलं. अगदी सविस्तर, शिंकेसकट. कपॅसिटरचंही सांगितलं.

"अरे बापा, भाऊजी!" मनोज म्हणाला. "जुन्या डिस्कीचं काम फक्त चालू होईपर्यंत असते. एकदा विंडोज आली का तिचा काही संबंध नाही. नव्या ड्राइव्हवरच तशी चाबी करून ठेवली का तेही लागत नाही, पाच मिनिटांचं काम हाय, भाऊबीजेले येतो तवा करून देतो. पन त्या दिवशी तुम्ही पहिल्याच मिनिटाले वायर सोडून बाहेर जाऊन बसले असते, तरी तिची परीक्षा झाली असती. उलट चांगली झाली असती."

हॉटेलवाल्यानं पेढ्याचा डबा खाली ठेवला, कारण त्याला हसायला दोन्ही हात लागणार होते.

फोन स्पीकरवर होता. तो मीच ठेवला होता. मनोज माझं कौतुक करणार, ते सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून.